औदुंबर, पादुका आणि पुनर्विकास : वाशीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

वाशीतल्या जुन्या सिडको वसाहतींत छताचं प्लास्टर पडणं, गंजलेल्या सळ्या उघड्या पडणं, स्ट्रक्चरल ऑडिट आणि मग पुनर्विकासाच्या सभा हे सगळं आता लोकांच्या अंगवळणी पडलंय. मी गृहनिर्माण संस्थांचं सल्लागाराचं काम करतो. सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं, उपविधींचा अर्थ लावणं, निबंधक कार्यालयातली कागदपत्रं हा माझा रोजचा व्यवहार. हे प्रकरण त्या कामातूनच माझ्यासमोर आलं. सभासदांनी लिहायला परवानगी दिली, ती संस्थेचं नाव, सेक्टर आणि कुणाचीही ओळख उघड न करण्याच्या अटीवर.

श्रद्धेवरून होणाऱ्या वादांबद्दल आपण बोलतो ते बहुतेक राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर. जिन्यात, लिफ्टसमोर, मेंटेनन्सच्या बिलावर हे वाद कसे उभे राहतात याची नोंद सहसा होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कट्टा

संस्थेत शंभराच्या आत-बाहेर घरं. बांधकाम १९८० च्या दशकातलं. त्याच दशकापासून मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीच्या आवारात येऊ लागले आणि त्यांच्यामागे माथाडी कामगारांची कुटुंबंही आली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं ही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना बोर्ड, पगार, भविष्य निर्वाह निधी मिळाला होता, त्यामुळे काहींना कर्ज काढून घर घेता आलं. या संस्थेत अशी बरीच घरं आहेत. बाकी सरकारी नोकरदार, बँकेतली माणसं, काही बौद्ध कुटुंबं, केरळकडची दोन-तीन ख्रिस्ती, तीन-चार मुस्लीम, एक-दोन गुजराती.

आवाराच्या मागच्या कोपऱ्यात पंपाच्या खोलीला लागून एक औदुंबर आहे. शिरोळ तालुक्यातून आलेल्या एका माथाडी कामगाराने तो लावला. शिरोळ म्हणजे नरसोबाच्या वाडीचा तालुका. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखालच्या पादुकांना मानणारी ही माणसं. झाड हाताला लागेल एवढं झाल्यावर त्यांनी वाडीहून काळ्या दगडाच्या छोट्या पादुका आणल्या आणि विटांचा कट्टा बांधून त्यात सिमेंटने बसवल्या. वर छप्पर नाही. कुंपण, कुलूप, दानपेटी यातलं काही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आरती, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, प्रसादाला सुंठवडा. हे गृहस्थ गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कट्टा झाडणं, पादुका धुणं, गंध-फूल हे सगळं त्यांची पत्नी करते. सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणते.

चाळीस वर्षांत या कट्ट्यावरून वाद झाल्याची नोंद इतिवृत्तात सापडत नाही. मी जुनी पुस्तकं चाळली. पाण्याचे टँकर, पार्किंग, कुत्रे, गच्चीची चावी यांवर पानंच्या पानं आहेत, कट्ट्यावर एक ओळ नाही. मात्र दोन गोष्टी बिनबोभाट बदलत गेल्या होत्या. एक, मेंटेनन्सच्या बिलात ‘सण-उत्सव निधी’ नावाची ओळ कधीतरी आली आणि राहिली. ठराव कुठला, तारीख कुठली, कुणालाच सांगता येईना. दुसरी, २०२२ च्या एप्रिलमध्ये मशिदींवरच्या भोंग्यांचा वाद राज्यभर पेटला, ठाण्यातल्या सभेतून ३ मेची मुदत दिली गेली, आणि त्याच सुमाराला इथल्या गुरुवारच्या आरतीला एक स्पीकर आला. तो मावशींनी मागितला नव्हता. दुसऱ्या विंगमधल्या दोन तरुणांनी आणून लावला. आरती दहा मिनिटांचीच राहिली, पण ती आता तिसऱ्या गल्लीत ऐकू येऊ लागली.

फुकटचं मंदिर

पुनर्विकासासाठी तीन विकासकांचे प्रस्ताव आले. प्रकल्प सल्लागाराने रीतसर तुलनात्मक तक्ता केला : चटई क्षेत्र किती वाढवून देणार, बांधकामाच्या काळात भाडं किती, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) किती, बँक गॅरंटी (विकासकाने काम अर्धवट सोडलं तर संस्थेला मिळणारी बँकेची हमी) किती, मुदत किती. एका प्रस्तावात शेवटच्या रकान्यात आणखी एक ओळ होती : ‘प्रवेश लॉबीत संगमरवरी मंदिर, विनामूल्य.’ चटई क्षेत्र आणि बँक गॅरंटी या दोन्ही बाबतींत हा प्रस्ताव तिघांत सगळ्यात कमी होता.

दोन दिवसांत व्हॉट्सअॅप गटावर संदेश फिरू लागला : ‘जो देवाला जागा देत नाही, त्याला आपण जागा देणार का?’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. कुणीतरी विचारलं, बाकीच्या दोघांनी मंदिर नाकारलंय का? त्यावर उत्तर आलं, नाकारलं नाही पण लिहिलंही नाही, यातच समजून घ्या. मग नोव्हेंबर २०१८ चं उदाहरण निघालं. पावणे एमआयडीसीतल्या बावखळेश्वर मंदिराचं बांधकाम न्यायालयाच्या आदेशानंतर पाडलं गेलं होतं. ते प्रकरण एमआयडीसीच्या जमिनीवरच्या अनधिकृत बांधकामाचं होतं, इथल्या कट्ट्याशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. पण ‘मंदिर पाडलं’ एवढे दोन शब्द पुरेसे झाले. आठवड्याभरात गेटवर एका राजकीय कार्यकर्त्याचा फ्लेक्स लागला. दत्ताचा फोटो एका कोपऱ्यात, कार्यकर्त्याचा मधोमध, आणि खाली ‘आपल्या श्रद्धेसाठी सदैव तत्पर’.

विशेष सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर हा विषय सातवा होता. आधीचे सहा विषय पैशांचे आणि कायद्याचे. मी अध्यक्षांना सांगितलं होतं की क्रम बदलू नका. सभेत मात्र पहिला माणूस उठला तो सातव्या विषयावर, आणि पुढचे दोन तास दुसरं काही झालं नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा सभेला दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि चित्रीकरण करावं लागतं. त्यामुळे ती सभा जशीच्या तशी उपलब्ध आहे. मी ती पुन्हा पाहिली. दोन तासांत ‘बँक गॅरंटी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आपलं राहतं घर रिकामं करून, तीन-चार वर्षं भाड्याच्या खोलीत राहून, नवं घर मिळेल या भरवशावर सही करणाऱ्या माणसांनी त्या भरवशाला आधार काय, हे विचारलंच नाही. श्रद्धेला हात घातला की बाकीचे प्रश्न गप्प होतात, हे विकासकाला नेमकं ठाऊक होतं. मला याचा राग आला आणि अजूनही आहे. संगमरवराचा खर्च सभासदांच्याच चटई क्षेत्रातून निघणार होता. वर ते दान म्हणून दाखवलं जात होतं.

नकाशात नसलेलं झाड

सभा संपता संपता एक मुलगी उठली. मावशींची नात. सभासद नसल्याने तिला बोलण्याचा हक्क नव्हता, पण अध्यक्षांनी बोलू दिलं. ती आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स करते. तिने तिन्ही प्रस्तावांचे नकाशे मोबाइलवर उघडले होते. तिने एवढंच विचारलं, “यात औदुंबर कुठाय?”

तिन्ही नकाशांत तो नव्हता. उंच इमारतीभोवती अग्निशमनाचा बंब फिरण्यासाठी सहा मीटर रुंदीचा मोकळा पट्टा ठेवावा लागतो. तिघांपैकी दोघांच्या आर्किटेक्टनी तो पट्टा थेट कट्ट्यावरून नेला होता. ज्याने लॉबीत मंदिर देऊ केलं होतं, त्याच्या नकाशात त्या जागी पोडियमवर, म्हणजे तळाच्या पार्किंगच्या मजल्यांवर, चढणारा गाड्यांचा रॅम्प होता. सभागृहात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी उठल्या. त्यांना सभेत बोलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मला मंदिर नको,” त्या म्हणाल्या. “मी कवा मागितलं? दत्त औदुंबराखाली असतोय. झाड तोडून संगमरवरात बसवलेला मला काय करायचाय? आन् मला सांगा, ही तीन-चार वर्षं पादुकांना पाणी कोण घालणार? ते कुणी लिवलंय का कागदावर?”

ते कुणीच लिहिलं नव्हतं. मंदिराच्या बाजूने बोललेल्यांपैकी एकानेही मावशींना आधी विचारलं नव्हतं, आणि विरोधात बोललेल्यांनीही नाही. देवाच्या नावाने चाललेल्या वादात देवाची रोज सेवा करणारी व्यक्ती मोजलीच गेली नव्हती. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक वादांत हेच होतं. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्याचा त्या जागेशी रोजचा संबंध सगळ्यात कमी.

वर्गणी आणि प्रतिज्ञा

दुसऱ्या बाजूची गोष्ट तितकीच नीट सांगायला हवी, कारण ती ‘मंदिराला विरोध’ या एका वाक्यात कोंबली गेली होती.

सातव्या विषयावर एकच लेखी हरकत आली होती. ती एका निवृत्त बौद्ध सभासदाची. पत्र अर्ध्या पानाचं. त्यात लिहिलं होतं की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात पाळल्या जातात. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. दत्तात्रेय हे त्या तिघांचं एकत्रित रूप मानलं जातं. कट्ट्यावर कुणी पूजा करतं याला माझी हरकत कधीच नव्हती आणि नाही. परंतु मंदिर बांधण्यासाठी आणि चालवण्यासाठी माझा पैसा आणि माझ्या मालकीची सामाईक जागा वापरली गेली तर माझ्याकडून प्रतिज्ञाभंग होतो.

गटावर या पत्राचा फोटो फिरला तेव्हा त्याला ‘राजकारण’ म्हटलं गेलं. मला हे फार चुकीचं वाटतं. मावशींचं पादुकांना पाणी घालणं जर श्रद्धा असेल, तर या गृहस्थांचं न घालणंही श्रद्धाच आहे. ती घरात पिढ्यांनी जपलेली, किंमत मोजून स्वीकारलेली गोष्ट आहे. आपल्याकडच्या चर्चेत एका बाजूला आस्तिक आणि दुसऱ्या बाजूला कोरडे कायदेवाले अशी मांडणी करून टाकतात आणि अशी माणसं त्यात बसतच नाहीत.

सभेत कुणीतरी त्यांना टोकलं, “मग १४ एप्रिलला सोसायटीच्या पैशातून हार येतो तो कसा चालतो?” ते शांतपणे म्हणाले, “नाही चालत. मी तीनदा लिहून दिलंय, तोही आणू नका. आम्ही आमचा आणतो.” मी फाइल काढली. पत्रं होती. तीनही, पोच घेतलेली.

इथे कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण सभेत दोन्हीकडून चुकीचे दाखले दिले जात होते. एकाने घटनेतलं कलम २७ वाचून दाखवलं. कुणावरही विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर लादता येणार नाही, असं ते कलम सांगतं. पण ते सरकारच्या कराबद्दल आहे, सोसायटीच्या मेंटेनन्सला ते थेट लागत नाही. दुसऱ्याने २९ सप्टेंबर २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश काढला. तो रस्ते, उद्यानं अशा सार्वजनिक जागांवरच्या नव्या अनधिकृत धार्मिक बांधकामांबद्दल आहे. सिडकोकडून भाडेपट्ट्यावर घेतलेल्या सोसायटीच्या आवाराला तो जसाच्या तसा बसत नाही. सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधीदेखील वैध धरला होता. म्हणजे घटनेतले मूलभूत हक्क दाखवून सोसायटीचा प्रत्येक ठराव पाडता येत नाही.

याचा अर्थ बहुमताने वाटेल ते करता येतं असा काहींनी लगेच काढला. कायद्याच्या भाषेत सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे, हे खरं. पण ती संस्थेच्या उद्दिष्टांच्या आणि उपविधींच्या चौकटीत सर्वोच्च आहे. या संस्थेची उद्दिष्टं घरं आणि सामाईक सेवा ही आहेत. माझं मत मी सभेत स्पष्ट सांगितलं. लिफ्ट कुठली घ्यायची हे बहुमताने ठरवा. शेजाऱ्याच्या पैशाने कुठला देव पुजायचा हे बहुमताने ठरवू नका, कायद्याने जमत असलं तरी. ‘सण-उत्सव निधी’ची ओळ कुठल्या ठरावाने आली हे सापडत नसेल तर ती बिलातून काढणं हे किमान काम आहे. यावर मला बरंच ऐकावं लागलं.

लॉबीचा प्रश्न

मुस्लीम कुटुंबांपैकी एकच व्यक्ती बोलली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या एक ताई. त्या म्हणाल्या, “आम्ही घर घेतलं तेव्हा कट्टा होता, तो बघूनच घेतलं. माझा मुलगा त्या कट्ट्यावर अभ्यास करायचा. पण लॉबीतून लिफ्टला जायला दुसरी वाट नाही. तिथे चपला काढा, मासळीची पिशवी घेऊन जाऊ नका, आरती चालू असेल तर थांबा, हे सगळं उद्या सुरू होणार. ते मला चालेल का, असं कुणी विचारलं नाही.” मासळीचा उल्लेख झाला तसे मागच्या रांगेतले दोन-चार आगरी-कोळी सभासदही सरळ बसले. तो प्रश्न त्यांचाही होता.

एक निवृत्त शिक्षक उठले. कीर्तनाची गोडी असलेले. त्यांनी एकनाथांच्या चरित्रातली गोष्ट सांगितली : गुरू जनार्दनस्वामींकडे दत्त मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात आले. जनार्दनस्वामींच्या गुरुपरंपरेत चाँद बोधले यांचं नाव घेतलं जातं, हेही त्यांनी सांगितलं. सांगितलं फार सुंदर. त्या ताईंनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, “सर, गोष्ट मला आवडली. पण लॉबीचं काय?”

त्यांचं बरोबर होतं. दत्तसंप्रदायातला हा धागा खरा आहे आणि तो लोकांना माहीत व्हायला हवा, यात शंका नाही. पण सलोख्याची जुनी गोष्ट सांगून आजचा नेमका प्रश्न मिटत नाही, आणि तिच्या जोरावर समोरच्याने गप्प बसावं अशी अपेक्षा करणं तर अन्यायच आहे. लॉबीचा प्रश्न लॉबीतच सुटायला हवा होता.

स्पीकरचा विषयही त्या ताईंनी काढला नाही. तो काढला मावशींच्या मजल्यावरच्या एका काकांनी, ज्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक लावणं हा धर्मपालनाचा मूलभूत हक्क ठरत नाही असं स्पष्ट केलं. हे सगळं मी सांगणार होतो. त्याआधीच मावशी म्हणाल्या, “बंद करा तो डबा. मला माझीच आरती ऐकू येत नाही.” तो विषय तिथेच संपला.

पादुका कुणाच्या घरी

एवढं झाल्यावर आता गाडी रुळावर येईल असं मला वाटलं. तीनपैकी एका विकासकाचे आर्किटेक्ट नकाशा बदलून औदुंबर वाचवायला तयार झाले. त्यासाठी पार्किंगच्या काही जागा कमी होणार होत्या. बंबाचा पट्टा झाडाच्या पलीकडून वळवता येत होता. झाड तोडायचंच असतं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागली असती, जाहीर हरकती मागवाव्या लागल्या असत्या. तेव्हा झाड ठेवणं विकासकालाही सोयीचं होतं.

पण सगळ्यात कडवट वाद यानंतर झाला, आणि तो दोन धर्मांमधला नव्हता.

बांधकामाच्या काळात आवाराला पत्रे लागणार, आत कुणाला सोडणार नाहीत. झाडाभोवती जाळी लावून ते राखता येईल, पादुका मात्र हलवायला लागणार. एका गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की जीर्णोद्धाराच्या वेळी देवाचं तत्त्व कलशात घेऊन मूर्ती तात्पुरती हलवतात, शास्त्रात त्याची सोय आहे, मनात किंतु ठेवू नका. मग ठेवायच्या कुठे? नात म्हणाली, आजी कोपरखैरण्याला भाड्याने जाणार आहे, तिच्याकडेच राहतील.

तेव्हा दुसऱ्या विंगमधले एक गृहस्थ म्हणाले की सार्वजनिक पादुका एका घरात, त्यातही विधवा बाईंच्या हाती, हे काही बरं दिसत नाही. मंदिरासाठी सगळ्यात मोठ्या आवाजात बोललेले तेच हे गृहस्थ. पंधरा-वीस वर्षं मावशी रोज पहाटे त्याच पादुका धूत होत्या आणि त्याच हातांनी दिलेला प्रसाद यांनी खाल्ला होता. पण कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा सोवळं आठवलं. आणखी दोघांनी दबक्या आवाजात दुजोरा दिला. मावशी काहीच बोलल्या नाहीत. पदर सावरून खाली बघत बसल्या.

उत्तर दिलं शिरोळकडच्याच एका सुनेने. तिचं माहेर हेरवाडजवळचं. ती म्हणाली, “काका, वाडीपासून आमचं हेरवाड काही लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारने तोच कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींना गिरवायला सांगितला. ज्या मुलखातून या पादुका आल्या, तिथली माणसं हे म्हणतायत. आणि आपण वाशीत बसून हे बोलायचं?” गुरुजी तिथेच होते. त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, “ज्यांनी आजवर सेवा केली त्यांच्याकडेच पादुका गेल्या पाहिजेत. याहून वेगळं मला सांगता येणार नाही.”

त्या सुनेने बाहेरचा कुठलाही युक्तिवाद आणला नव्हता. त्याच परंपरेतलं, त्याच तालुक्यातलं उदाहरण तिने समोर ठेवलं, म्हणून ते गृहस्थ खाली बसले. मी कलमं वाचून दाखवली असती तर ते बसले नसते. धर्म म्हटलं की तो एकसंध, एका आवाजात बोलणारा असतो असं धरून चालणाऱ्यांनी, मग ते त्याच्या बाजूचे असोत की विरोधातले, हा प्रसंग लक्षात घ्यावा. मतभेद त्याच्या आत असतात, आणि सुधारणाही बऱ्याचदा तिथूनच येते.

काय ठरलं

पुढची सभा तीन आठवड्यांनी झाली. त्यात पहिले सहा विषय आधी घेतले. बँक गॅरंटीवर तासभर चर्चा झाली. संगमरवरी मंदिराचा प्रस्ताव देणारा विकासक तिथेच बाद झाला. सातव्या विषयावर जो ठराव झाला त्याचा मसुदा मी आणि त्या बौद्ध सभासदांनी मिळून केला होता. मावशींच्या नातीने तो त्यांना वाचून दाखवल्यावरच अजेंड्याला जोडला.

औदुंबर आणि कट्टा आहे त्या जागी, आहे त्या मापात, छपराशिवाय राहील आणि नकाशात ‘अस्तित्वातील वृक्ष व पार’ म्हणून दाखवला जाईल. लॉबी, पोडियम, गच्ची, जिना यांत कुठल्याही धर्माचं कायमचं बांधकाम होणार नाही. ‘सण-उत्सव निधी’ बिलातून निघेल. ज्यांना वर्गणी द्यायची त्यांनी वेगळ्या पावतीवर द्यावी आणि तिचा हिशेब वेगळा ठेवावा. नव्या इमारतीतला सभागृहाचा हॉल कुठल्याही सभासदाला, कुठल्याही कार्यासाठी, एकाच दराने मिळेल. कट्ट्यावर स्पीकर लागणार नाही. बांधकामाच्या काळात पादुका मावशींकडे राहतील आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर परत बसवल्या जातील. त्याचा खर्च वर्गणीतून होईल.

ठराव एकमताने झाला असं मी म्हणणार नाही. काही जण विरोधात होते, काही उठून गेले. डिसेंबरमध्ये जिन्याखाली गव्हाणी मांडणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला ‘कायमचं बांधकाम’ या शब्दांतून आपली गव्हाणी वाचते का, हे विचारावंसं वाटलं. वाचते, कारण ती पंधरा दिवसांची असते, पण तसं स्पष्ट लिहून घ्या असा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्य होता. ती ओळ वाढवली. गेटवरचा फ्लेक्स काढायला कार्यकर्ता तयार होईना, तेव्हा मावशी आणि त्या बौद्ध काकांनी दोघांच्या सहीने महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज दिला. दोन दिवसांत फ्लेक्स उतरला.

एक गोष्ट या ठरावात सुटलेली नाही. नव्या इमारतीत विक्रीचे फ्लॅट जुन्या सभासदांच्या घरांइतकेच किंवा जास्त असतील. ते विकत घेणारी माणसं या सभांना नव्हती. सगळे सभासद झाले की सर्वसाधारण सभा पुन्हा सर्वोच्च, आणि ती आजचा ठराव उद्या बदलू शकते. कट्टा काढा म्हणणारे येतील तसे त्यावर कळस चढवा म्हणणारेही येतील. म्हणून झाड, पार, लॉबी आणि हॉल यांबद्दलच्या अटी विकास करारनाम्यात घालून घेतल्या आहेत, आणि प्रत्येक नव्या खरेदीदाराच्या करारात त्या छापल्या जाव्यात असं कलम टाकलंय. विकासकाच्या वकिलांनी ते कलम दोनदा गाळलं होतं. तिसऱ्या मसुद्यात ते परत आलं, आणि संस्थेने त्यानंतरच सह्या केल्या.